बारकी पोहणं सोडणार की नाही

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर सध्या जेवढी परवानगी देते तेवढाच वाकलो आहे, बाकीचा मनातल्या मनात पोचता करून घे.) तुझ्या गुडघ्याला त्या नव्या मलमाने आराम पडला का, की नुसताच वास येतो? बदलीच्या गावी घर तिसऱ्या मजल्यावर घेऊ नकोस असं मी तेव्हाच सांगितलं होतं, पण धाकट्याचं ऐकायची आपल्या घरात पद्धतच नाही. भाऊजींचं जहाज सध्या कुठल्या बंदरात आहे ते त्यांनाच माहीत; त्यांचा फोन आला तर आम्ही तिघंही सुखरूप आहोत एवढं कळव. तिघं म्हणजे मी, तुझी भावजय आणि तुझी लेक. हंगाम संपता संपता माझा घसा पार बसला आहे, डोळे क्लोरीनने लाल झाले आहेत आणि कानात पाणी नसतानाही पाणी असल्यासारखं वाटतं. एरवी प्रकृती ठणठणीत आहे.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तू विचारशील. तुझा फोन आला की बारकी माझ्या शेजारी येऊन उभी राहते, भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असल्याचं सोंग करते आणि एक शब्द निसटू देत नाही. (नावाची बारकी. माझ्या खांद्याच्या वर गेली आहे, माझ्या चपला तिला होतात, पण तू पाळण्यात ठेवलेलं नाव काही तिची पाठ सोडत नाही.) म्हणून पत्र. तू मागच्या आठवड्यात एकच प्रश्न विचारलास: ती पोहणं सोडते म्हणतेय, तर सोडू द्यायचं की नाही? मामा म्हणून नको, कोच म्हणून सांग. ताई, तुझा प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर मात्र तेवढ्यात मावणारं नाही. आधी आमच्या क्लबातल्या पोरांची हंगामाच्या शेवटी काय दशा होते ती ऐक, म्हणजे यात तुझ्या लेकीचं एकटीचं काही बिघडलेलं नाही हे तुला पटेल.

हंगाम सुरू होतो तेव्हा ही पोरं कुलूप उघडायच्या आधी दारात हजर असतात. काही तर टोपी आणि गॉगल चढवूनच घरून निघतात आणि रस्त्यावर लोकांना धडकतात. शेवटच्या महिन्यात तीच पोरं दाताच्या डॉक्टरकडे आणल्यासारखी येतात. एकाचं पोट दुखतं, एकीचा गॉगल घरी राहतो, तिसरा कपडे बदलायच्या खोलीत जातो तो परत येतच नाही. शोधायला गेलं तर बाकावर बसून एकच मोजा काढतोय आणि घालतोय. पाण्यात उतरलीच तर भिंतीला धरून अशा गप्पा रंगतात की मध्ये शिट्टी वाजवणं मलाच असभ्यपणाचं वाटतं. दोष तरी कुणाला द्यायचा? अंधारात उठायचं, गार पाण्यात शिरायचं, तळाचा काळा पट्टा बघत त्या भिंतीपर्यंत जायचं, आणि तिथे काय आहे, तर भिंत. मग वळून परत ह्या भिंतीपर्यंत यायचं. मोठ्या माणसाला कुणी असं काम सांगितलं असतं तर त्याने केव्हाच युनियन काढली असती.

आमचे अध्यक्ष फरशांचं दुकान चालवतात, आणि जगातली कुठलीही गोष्ट ठोकून नीट बसवता येते असा त्यांचा ठाम समज आहे. त्यांनी मला दुकानात बोलावलं, संडासाच्या फरशांच्या नमुन्यांसमोर बसवलं आणि म्हणाले, मुलांना प्रेरणा द्या. जशी काही तीही क्लोरीनसारखी डब्यातून येते. संध्याकाळी टाकली की सकाळपर्यंत सगळ्या तलावात सारखी पसरते. पण अध्यक्षांना नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून मी कामाला लागलो. पहिल्यांदा भिंतीवर पाट्या लावल्या. माझ्या हस्ताक्षरात, ठळक, लाल शाईने. ‘थकवा हा मनाचा खेळ आहे’ ही माझी सर्वात आवडती. दुसऱ्याच दिवशी पोहण्याच्या फळ्यांचा गठ्ठा उचलताना माझ्या कमरेत उसण भरली आणि मी नेमका त्याच पाटीखाली बाकावर आडवा झालो. पोरं एकेक करून येऊन आधी पाटी वाचत होती, मग मला बघत होती, मग अगदी शहाण्यासारखी निघून जात होती. संध्याकाळी पाटी मी स्वतःच काढली.

मग मी टोप्यांची योजना काढली. ही मात्र मला फार अभिमानाची वाटली होती, म्हणून सविस्तर सांगतो. एकदा सगळ्यांची चाचणी घ्यायची, वेळ टिपून ठेवायची. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची. ज्याची वेळ सुधारेल त्याला लाल टोपी, आणि शेवटच्या स्पर्धेत ती घालायचा मान. पहिला कोण आला हे बघायचंच नाही. जो तो फक्त स्वतःच्या पुढे गेला का एवढं बघायचं. ऐकायला किती छान वाटतं, नाही? पालकांच्या सभेत तर टाळ्या पडल्या.

पहिल्या चाचणीच्या दिवशी शिट्टी वाजली, पोरांनी उड्या घेतल्या, आणि तलावात पाण्याऐवजी खळ भरली आहे की काय असं मला वाटायला लागलं. एरवी सुरीसारखा जाणारा एका डॉक्टरांचा मुलगा निम्म्यात उताणा झाला आणि छत न्याहाळू लागला. एक मुलगी गॉगल नीट करायला थांबली, मग दुसऱ्या बाजूने नीट करायला थांबली. गॅलरीत पालक उभे राहिले. सगळ्यांनी सकाळी एकाच ठिकाणचं काहीतरी खाल्लंय का, अशी चौकशी सुरू झाली. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला बराच वेळ लागला. ताई, पोरांनी सरळ हिशोब मांडला होता: आज जेवढं रखडू तेवढी पुढच्या वेळी सुधारणा. पाण्यात ढिली पडलेली माझी सगळी टीम गणितात किती पुढे आहे ते मला त्या दिवशी कळलं. जीव तोडून पोहणारी एकच होती, तुझी बारकी. तोंड लालबुंद, छाती धापा टाकतेय, आयुष्यात पोहली नव्हती इतक्या वेगात पोहली. तिला ती युक्ती कुणी सांगितलीच नव्हती, कारण कोचची भाची घरी जाऊन सांगेल अशी पोरांना धास्ती.

पुढचं तू ओळखलं असशील. दुसऱ्या चाचणीत सगळ्यांची दणदणीत सुधारणा झाली आणि बारकीची वेळ पहिल्यापेक्षा जराशी मागे पडली. सगळ्यांना लाल टोप्या, हिची तीच जुनी पांढरी. तुझी भावजय म्हणाली, देऊन टाक की तिलाही, काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, नियम तो नियम, भाचीवर मेहेरबानी केली असं उद्या कुणी म्हणालं तर मी तोंड कुठे दाखवू? त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. त्याच दिवशी जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता बारकी म्हणाली, हा हंगाम झाला की मी पोहणं सोडणार. ओरडून म्हणाली असती तर मला चाललं असतं, ओरडण्याला उत्तर द्यायची मला सवय आहे. ती अगदी शांतपणे म्हणाली आणि ताट धुवायला गेली. मला भीती वाटली, ताई, तुला खरं सांगतो.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. खांदा कसा फिरवायचा, कोपर कुठे ठेवायचं, श्वास कधी घ्यायचा, हे मी कुठल्याही पोराला शिकवू शकतो. पण उद्या सकाळी पुन्हा पाण्यात यावं असं त्याला कशामुळे वाटतं, हे मला इतकी वर्षं या धंद्यात काढूनही कळलेलं नाही. काही पोरं जिंकून सोडतात, काही हरून टिकतात. एक मुलगा तर केवळ पोहून झाल्यावर लागणाऱ्या भुकेसाठी येतो. तसं त्याने मला स्वतः सांगितलं आणि माझ्या मते टीममध्ये सर्वात टिकाऊ तोच आहे. प्रेरणा द्या म्हणणं सोपं आहे. द्यायची कुठून, हे अध्यक्षांच्या दुकानातही मिळत नाही.

पण हातावर हात धरून बसलो तर तुझा भाऊ कसला! मी बारकीसाठी घरच्या घरी खास प्रयत्न सुरू केले. सकाळी ती दात घासत असताना दाराबाहेर उभा राहून जिद्दीविषयी बोलायचो. (तोंडात फेस असल्यामुळे ती उलट बोलू शकत नाही, ही वेळ मी मुद्दाम निवडली होती.) तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक पाटी लावली. जेवताना ती पाण्याचा पेला उचलायची तेव्हा कोपर पडतंय, कोपर वर, एवढं फक्त हळूच सुचवायचो. ती मग पेला डाव्या हातात घ्यायची. डाव्या हाताचंही कोपर पडतं, हे मला त्यामुळेच कळलं. एकदा तिच्या वर्गातली मैत्रीण गाव सोडून चालली म्हणून ती रडत होती, तर मी तिला सांगितलं की रडताना श्वास तुटतो, पोहतानाही तुझं हेच होतं. तुझी भावजय चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते. त्या दिवशी तिने माझ्याकडे असं बघितलं की माझा नंबर फार मोठा निघाला असावा.

आता शेवटची स्पर्धा. सगळ्यात लांब पल्ल्याची जी शर्यत असते, जी कुणालाच नको असते, तिच्यासाठी बारकीने आपणहून हात वर केला. जाता जाता ती एकदा पोहून टाकायची होती, असं मी धरून चाललो. या शर्यतीत फेऱ्या इतक्या असतात की पोहणाऱ्याला मोजता येत नाहीत. म्हणून तलावाच्या लांबच्या टोकाला प्रत्येक क्लबाचा एक माणूस गुडघे टेकून बसतो आणि आपलं पोर वळायला आलं की किती फेऱ्या उरल्या त्याचा आकडा असलेली पाटी पाण्यात धरतो. दर वेळी पाटी बदलायची, बाकी काही नाही. इतकं सोपं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवणार होतो थोडाच? मी स्वतः बसलो.

आणि निम्मी शर्यत झाल्यावर माझ्या लक्षात आलं की बारकी चांगली पोहतेय. मागे पडत नाहीये. मग माझा तोल गेला. ती आली की मी पाण्यावर ओणवा होऊन कोपर, कोपर, पाय, पाय असं ओरडायला लागलो. (पाण्याखाली काडीचंही ऐकू येत नाही, हे मी दर वर्षी पालकांना समजावून सांगतो.) या ओरडण्याच्या भरात एकदा पाटी बदलायची राहिली. पुढचे आकडे त्या चुकीवरूनच पुढे चालले. शर्यत संपत आली, मुली एकेक करून भिंतीला हात लावून टोप्या काढू लागल्या. बारकीनेही भिंत गाठली, तिथे बसलेल्या पंचांनी तिची वेळ टिपली, ती चौथी आली होती. आणि ती सफाईने वळून पुन्हा माझ्याकडे यायला निघाली. माझ्या पाटीवर तिच्या फेऱ्या अजून शिल्लक होत्या.

सगळा तलाव रिकामा आणि मधल्या लेनमधून एकच पांढरी टोपी येतेय. गॅलरीत कुणीतरी हसलं. एक म्हातारे पंच चालत माझ्यापाशी आले आणि विचारलं, “तुमची का?” मी म्हटलं, हो. ती भिंतीपाशी आली तेव्हा तिला थांबवायला मी हात पुढे केला. आणि मागे घेतला. ताई, ती काय पोहत होती म्हणून सांगू! कुठे घाई नाही, ओढाताण नाही, लांब लांब हात, पाणी जसं काही तिच्याच मालकीचं. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. मी एका फेरीची पाटी धरली, तिने ती पाहिली आणि गेली. पंच म्हणाले, “पोहू दे पोरीला.” पुढची शर्यत खोळंबली तरी ते तसेच उभे राहिले.

बाहेर आल्यावर तिने कोरड्या झालेल्या मुली बघितल्या, मला बघितलं, आणि तिला कळलं. मी चूक कबूल केली. ती हसायला लागली, अशी की शेवटी जमिनीवरच बसली. माझ्या पिशवीत एक लाल टोपी जादा होती. आजची तिची वेळ सरावातल्या वेळेपेक्षा खरोखरच सुधारली होती, तेव्हा नियमाने ती तिचीच. मी पुढे केली तर म्हणाली, राहू द्या, हीच बरी आहे. बसमधून घरी येताना मी जरा घाबरतच विचारलं की पुढच्या हंगामाचं काय? खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, पोहणार आहे मी.

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाला कोच म्हणून माझं उत्तर असं: बारकी पोहणं सोडत नाही. तू निश्चिंत राहा. गुडघ्याची काळजी घे आणि जिने चढताना कठड्याला धरत जा.

तुझा धाकटा (सध्या घसा आणि काम दोन्ही नसलेला) भाऊ

ता. क. हंगामाच्या समारोपात अध्यक्षांनी माझा सत्कार केला. माझा फोटो छापलेली एक चकचकीत फरशी दिली, खाली लिहिलंय ‘वर्षातील सर्वोत्तम प्रेरणादाता’. घरात ती लावायची कुठे, यावर मतभेद आहेत. तुझ्या भावजयीने सुचवलेली जागा मला मान्य नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि विचारलं की बारकी बसमध्ये जे बोलली ते पूर्ण का लिहिलं नाहीस? तू लिही, नाहीतर मी लिहिते, म्हणाली. तेव्हा लिहितो. ती म्हणाली होती, “पोहणार आहे मी. पण तुमच्याकडे नाही.” तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या तलावावर जायचंय. तिथे एक बाई शिकवतात, कुणाला टोपी वगैरे देत नाहीत आणि माझ्या माहितीप्रमाणे आवाजही चढवत नाहीत. मी ते काही नीट घेतलं नाही. निष्ठा, क्लब, माझी इतक्या वर्षांची मेहनत, असं बोलत बसलो आणि आमचा थांबा मागे गेला. घरी येऊन मी जेवलो नाही. तुझ्या भावजयीने तिला कारण विचारलं, तर तिने सांगितलं की तलावावर सर म्हणायचं असं ठरलं होतं, त्याबद्दल तिची तक्रार नाही, पण आता घरीही सरच येतात. शाळेत काही झालं तर सांगायला मामा सापडत नाही. “मला घरी मामा पाहिजे,” एवढंच म्हणाली. मी दाराआड होतो, मी ऐकलं. आणि ताई, मला फार वाईट वाटलं, अजून वाटतंय.

तर खरी विनंती ही: त्या बाई दुसऱ्या क्लबातलं मूल आईच्या शब्दाशिवाय घेत नाहीत. तू त्यांना फोन कर आणि हो म्हण. तू विचारलंस म्हणून कोच म्हणून सांगतो, मुलगी चांगली आहे, तिला जाऊ दे. मामा म्हणूनही तेच सांगतो.

ता. क. तिसरा. फोन लवकर कर, तिकडे सराव सुरू व्हायला आला आहे. बारकीने बस शोधून ठेवली आहे, पण सरावाच्या वेळेला, इतक्या पहाटे, पहिली बसही सुटलेली नसते. तुझ्या भावजयीने विचारलं, मग अंधारात तुला सोडायला कोण येणार? तर म्हणाली, “मामा येईल की. पण बाहेर थांबायचं.” मी हो म्हटलंय.